मुरगाव ते पेडणे : राखणीची बंदूक

गोव्यास जाणारा आपल्याकडचा प्रवासी मुरगावला सहसा थांबत नाही. दाबोळीचा विमानतळ मुरगाव तालुक्यातच आहे, तरी तेथे उतरलेला माणूस देवळांच्या किंवा समुद्रकिनाऱ्याच्या ओढीने तडक पुढे जातो. मुरगाव हे कामाचे गाव. सड्याच्या पठारावर उभे राहिले की खाली झुवारीचे रुंद मुख, नांगरलेली जहाजे, कोळशाचे आणि खनिजाचे ढीग व त्यांवर झुकलेल्या याऱ्या दिसतात. या भूशिरावर पोर्तुगीजांनी १६२४ मध्ये किल्ला बांधावयास घेतला. १६८३ साली छत्रपती संभाजीराजांच्या स्वारीने गोवा शहर हादरले, तेव्हा राजधानीच येथे हलवावी असा बेत त्यांनी केला होता. आता तटाचे पडके अवशेष तेवढे उरले आहेत.

मुरगावच्या बंदराला आजचे रूप येण्यास कारणीभूत झालेला इंग्रज-पोर्तुगीज तह १८७८ सालचा. त्या तहानंतर येथे धक्का उभा राहिला आणि घाटावर जाणारी आगगाडी सुरू झाली. गंमत अशी की, त्याच १८७८ साली पलीकडे इंग्रजी हद्दीत लॉर्ड लिटन यांच्या सरकारने शस्त्र कायदा केला व हिंदी माणसाच्या हातातली बंदूक परवान्यावाचून गुन्हा ठरली. पुढे १८ डिसेंबर १९६१ रोजी याच बंदराच्या पाण्यात भारतीय आरमाराच्या ‘बेतवा’ व ‘बियास’ या नौकांनी पोर्तुगीजांच्या ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ या युद्धनौकेला निकामी केले, आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. मुक्तीनंतर भारताचे कायदे येथे लागू झाले, त्यांत १९५९ चा शस्त्र कायदाही आला.

तोफांचा आणि युद्धनौकांचा हा इतिहास पुस्तकांत सापडतो. मला पाहावयाची होती ती मात्र अगदी सामान्य बंदूक, डिचोली-पेडण्याकडच्या शेतकऱ्याच्या पडवीत भिंतीला टांगलेली. तिची आठवण झाली ती वर्तमानपत्रातील एका नित्याच्या सूचनेमुळे. निवडणूक जाहीर झाली म्हणजे परवानाधारकांनी आपली शस्त्रे ठाण्यात जमा करावीत, अशा आज्ञा निघतात. आपण त्या वाचतो आणि मनात दंगेखोरांचे चित्र उभे करतो. वास्कोस राहणारे माझ्या मावसबहिणीचे यजमान, आमचे भावजी, बंदराच्या नोकरीतून निवृत्त झालेले. ते हसून म्हणाले, “त्या बंदुकांतल्या पुष्कळशा आमच्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या आहेत. बघायच्या असतील तर चला डिचोलीला.” त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचे घर तिकडेच होते. आम्ही निघालो.

कुठ्ठाळीपाशी झुवारीचा नवा पूल ओलांडला, मांडवी ओलांडली आणि म्हापशाहून अस्नोड्याच्या रस्त्याला लागलो. अस्नोडे हे बार्देश तालुक्याच्या कडेचे गाव. पुढे डिचोलीची हद्द लागते. गोव्याच्या मुक्तिलढ्यात आझाद गोमंतक दलाच्या लोकांनी येथल्या पोलीस ठाण्यावर छापा घालून शस्त्रे हस्तगत केली होती. त्या प्रकरणात पकडले गेलेले येथलेच बाळा राया मापारी १८ फेब्रुवारी १९५५ रोजी पोलिसांच्या छळाने मरण पावले. गोव्याच्या लढ्यातील पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. बंदूक कोणाच्या हातात असावी, हा प्रश्न या रस्त्यावर माणसाचा प्राण घेऊन गेलेला आहे.

डिचोली आणि सत्तरी हे प्रदेश १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. ‘नव्या काबिजादी’ म्हणतात त्या याच. त्याआधी सावंतवाडीकर भोसल्यांची सत्ता होती. म्हणून येथले रीतिरिवाज, देवळे व बोली यांचा सांधा कोकणाशी जुळलेला आहे. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये नव्याने उभारले, हे वाचकांस ठाऊक असेलच. शिगम्यात डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांत घोडेमोडणी नाचतात. कमरेला लाकडी घोडा, डोईला फेटा, हातात उपसलेली तलवार. राण्यांनी पोर्तुगीजांवर मिळविलेल्या विजयाची ती आठवण मानली जाते. दीपाजी राणे यांनी १८५२ साली नाणूसच्या किल्ल्यातून उभारलेले बंड तीन वर्षे चालले, हा इतिहास ज्या मुलखाने पाहिला, तेथे शस्त्राकडे पाहण्याची दृष्टी आपल्या शहरी दृष्टीहून वेगळी असावी यात नवल नाही.

भावजींच्या सहकाऱ्यांचे घर दोडामार्गच्या वाटेवरील एका गावात होते. मागे डोंगर, उतारावर काजू, खाली सुपारी-नारळीचे कुळागर आणि ओहोळाकाठी भाताचे चार खाचर. त्यांचे थोरले बंधू, ज्यांना घरात सारे ‘आबा’ म्हणतात, ऐंशीच्या घरातले. बंदुकीचा विषय काढताच ते उठले, आत जाऊन कापडात गुंडाळलेली बंदूक घेऊन आले आणि ती रिकामी असल्याची आधी खात्री करून मगच त्यांनी ती आमच्यापुढे चौरंगावर ठेवली. ती ठासणीची बंदूक होती. नळीत दारू घालायची, चिंधी घालून गजाने ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. एक बार काढावयास एवढा खटाटोप. दुसरा बार काढीपर्यंत डुक्कर पुढच्या गावात पोचलेले असायचे.

“ही वडिलांची,” आबा म्हणाले. “पोर्तुगीज अमदानीत तिचा कागद वेगळा होता, मुक्तीनंतर भारताचा परवाना झाला. बंदूक तीच. आणि खरे सांगू का, ही मारण्यासाठी नाहीच, ओरडण्यासाठी आहे. हिचा बार ऐकला की डुकरे त्या रात्री परत येत नाहीत. दुसऱ्या रात्री येतात, ती गोष्ट वेगळी!”

आबांच्या या विनोदात कायद्याची सारी गुंतागुंत सामावलेली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने ठासणीच्या बंदुकीला पिकाच्या राखणीसाठी खास जागा दिली. अशी बंदूक खरोखर राखणीसाठी हवी असेल तर परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरेशी पडत नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येईल, असे त्या कायद्याचे म्हणणे. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. त्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर गवा व मोर पहिल्या परिशिष्टात आहेत आणि रानडुक्कर दुसऱ्यात. पहिल्या परिशिष्टातील जनावर माणसाच्या जिवावर उठले असेल किंवा बरे न होण्याइतके जायबंदी वा रोगग्रस्त असेल तरच ते मारण्याची परवानगी राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. दुसऱ्या परिशिष्टातील जनावराने उभे पीक नासले तर त्याने नेमलेला अधिकारीही लेखी परवानगी देऊ शकतो. पण ती लेखी हवी आणि आधी हवी. म्हणजे एका कायद्याने दिलेल्या बंदुकीचा नेम धरावयाचा कोणावर, हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्या कायद्याने शेतकऱ्याकडून काढून घेतला आहे. उरतो तो आवाज.

दोन्ही कायदे आपापल्या जागी योग्यच आहेत. रान तोडले, डोंगर खणले, तेव्हा जनावरांनी तरी कोठे जावे? डिचोलीच्या खाणींतून निघालेले लोखंडाचे खनिज वर्षानुवर्षे बार्जेसमधून मांडवीने मुरगावला जात होते. पावसाळ्यात आग्वादची वाट बंद झाली की कुंभारजुव्याच्या कालव्याने झुवारीत उतरून. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने जुने पट्टे रद्द केले, आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा काम सुरू झाले. खणलेल्या डोंगरांच्या मधल्या पट्ट्यांत गवे, डुकरे, साळिंदरे आणि माकडे शेतीच्या अगदी उंबऱ्यावर आली आहेत. २०१६ साली गोव्याच्या कृषिमंत्र्यांनी मोर, गवा यांसारख्या प्राण्यांना उपद्रवी ठरविण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा देशभर गदारोळ झाला. गवा तर गोव्याचा राज्यप्राणी! केरळने वेगळी वाट धरली. तेथील सरकारने २०२२ मध्ये रानडुकरांपुरता परवानगी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतींच्या प्रमुखांकडे सोपविला आणि त्या कामी परवानाधारक बंदूकधाऱ्यांची मदत घेतली.

आबांची खरी तक्रार निराळीच होती. गोव्यात विधानसभेच्या निवडणुका २०१२ साली मार्चमध्ये, २०१७ आणि २०२२ साली फेब्रुवारीत झाल्या. लोकसभेच्या एप्रिल-मेमध्ये होतात. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. वायंगणाचे भातही त्याच दिवसांत तयार होते. “बोंडू लाल व्हायला लागतो आणि बंदूक ठाण्यात जाते,” आबा म्हणाले. “डुकरांना कोण सांगणार, आचारसंहिता संपेपर्यंत थांबा म्हणून?” सरसकट सर्वांकडून शस्त्रे जमा करून घेणे योग्य नाही, प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार छाननी समितीने करावा, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली सांगितले आहे. पण तशी सूट मागण्यासाठी अर्ज, चकरा आणि दिवस मोडणे आले. ऐंशीच्या घरातील माणूस एवढा व्याप करीत नाही. तो बंदूक देऊन मोकळा होतो आणि रात्री डबे वाजवतो.

बंदुकीचे पुढे काय होणार, हाही प्रश्न आहेच. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा पंचवीस वर्षे शस्त्र बाळगले, तर त्याच्या हयातीतच वारसाला परवाना मिळू शकतो. आबांच्या बाबतीत दोन्ही अटी केव्हाच पुऱ्या झाल्या आहेत. मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात कामाला. त्याला बंदूक नको आहे आणि शेतीही नको आहे. अर्ज न करता आबा गेले, तर बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा होईल. सरकारच्या वहीतील एक आकडा कमी होईल. त्याबरोबर चार खाचर पडीक पडतील, हे मात्र त्या वहीत कोठेच येणार नाही.

परत आल्यावर मी आकड्यांच्या मागे लागलो. जिनिव्हा येथील ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेने २०१७ सालचा जगाचा हिशेब मांडला आहे. जगभर सामान्य नागरिकांच्या हातांत ८५.७ कोटी बंदुका, त्यांपैकी ३९.३ कोटी एकट्या अमेरिकेत, म्हणजे तेथे दर शंभर माणसांमागे १२० हून अधिक. भारतात ७.११ कोटी, दर शंभरांमागे सुमारे पाच. आकडा ऐकून छाती दडपते. पण पुढे वाचावे तो या ७.११ कोटींपैकी नोंदलेल्या बंदुका अवघ्या ९७ लाख! राहिलेल्या सहा कोटींहून अधिक बंदुका कोणी मोजलेल्या नाहीत. जाणकारांनी बांधलेला तो अंदाज आहे. सातांपैकी सहा हिस्से अंदाजाचे असतील, तर त्या आकड्याच्या जोरावर कोणालाच छातीठोक बोलता येणार नाही, बंदुकीच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही.

आपल्या गृहखात्याचा हिशेब वेगळा आहे. २०१६ च्या अखेरीस देशात ३३.६९ लाख परवाने होते आणि त्यांपैकी १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात. शंभरांतील अडतीस परवाने एकाच राज्यात! मात्र परवाना म्हणजे बंदूक नव्हे. त्या वेळी एका परवान्यावर तीन शस्त्रे ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनावरून पाच वर्षे केली आणि लग्नकार्यात हौसेने बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरविली. शिवाय काही बंदुका परवान्यांच्या मोजणीत येतच नाहीत. आपल्या बेळगाव-धारवाडकडील वाचकांना कोडगूची गोष्ट ठाऊक असेल. तेथील कोडव लोकांना व जम्मा जमिनीच्या धारकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्याची माफी आहे आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढविली आहे. कोडव घरात शस्त्रपूजेच्या सणाला बंदुकीवर फुले वाहतात. ती बंदूक परवान्यांच्या आकड्यात शोधून सापडणार नाही.

मृत्यूंच्या आकड्यांचेही तसेच. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांना तेथील बंदुकीने मेलेल्यांची संख्या वाचून धडकी भरते. त्या संख्येत निम्म्याहून अधिक माणसे आत्महत्येने गेलेली असतात. दुःख कमी होत नाही, पण उपाय बदलतो. रस्त्यावरच्या गुंडाचा बंदोबस्त वेगळा आणि खचलेल्या माणसाच्या उशाखालची बंदूक दूर करणे वेगळे. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहिले, तर बंदुकीने झालेल्या खुनांत बिनपरवाना शस्त्रांचा वाटा फार मोठा दिसतो. परवान्याची बंदूक अगदी निष्पाप आहे असेही म्हणता येत नाही. रात्रीच्या शिकारीत झुडपामागे हललेला माणूस डुक्कर समजून मारला गेल्याच्या घटना कोकणात आणि गोव्यात घडलेल्या आहेत. राखणीच्या परवान्यावर चोरून शिकार करणारेही आहेत. आबांनीच हे सांगितले आणि वर म्हणाले, “त्यांच्यामुळे आम्हीही त्याच यादीत.”

दुसऱ्या दिवशी कोलवाळचा पूल ओलांडून आम्ही पेडण्यात शिरलो. भगवतीच्या देवळाशी दगडी हत्ती आहेत. दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत येथे मोठा उत्सव असतो आणि पेडण्याची ‘पुनव’ साऱ्या गोव्यात प्रसिद्ध आहे. तालुक्याचे रूप मात्र झपाट्याने पालटते आहे. मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत. २०२५ साली सिंधुदुर्गातून ‘ओंकार’ नावाचा हत्ती पेडण्यात उतरला. खऱ्या हत्तीपुढे ठासणीची बंदूक काय करणार? लोकांनी फटाके लावले आणि वनखात्याची वाट पाहिली.

पेडण्याच्या उत्तर टोकाला पत्रादेवी. गोव्याची हद्द येथे संपते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी भारतातून आलेले सत्याग्रही येथून हातात तिरंगा घेऊन, शस्त्रावाचून आत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल येथे पडले. त्या एका दिवसात गोव्याच्या सीमांवर वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. नेमका आकडा निरनिराळ्या नोंदींत निरनिराळा आढळतो. हुतात्म्यांची संख्याही जर एकमताने लिहिली गेली नाही, तर रानाकडेच्या बंदुका कोण नीट मोजणार?

पत्रादेवीच्या स्मारकापाशी एक जुना वाद आठवतो. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांमध्ये, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश होता. निःशस्त्र झालेल्या समाजाला तो मानाचा प्रश्न वाटत होता. १९४८ साली घटना समितीत ह. वि. कामथ यांनी तो हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती सुचविली. समितीने ती स्वीकारली नाही. अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून असलेला हा हक्क आपल्या घटनेत आला नाही. आपल्याकडे शस्त्र ही परवान्याने मिळणारी सवलत राहिली. देशाची फाळणी आणि तिचा रक्तपात नुकताच पाहिलेल्या त्या पिढीचा हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. पण सवलत देणाऱ्यावर एक जबाबदारी येते. कोणाला, कशासाठी आणि कोणत्या ऋतूत ती लागते, हे त्याने जाणून घेतले पाहिजे.

केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की तेरेखोलचा किल्ला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्याबरोबरच्या सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा चढविला होता. पुढच्याच वर्षी हिरवे गुरुजी येथे गोळीला बळी पडले. तटावरून दक्षिणेकडे पाहिले की केरी-हरमलचा किनारा आणि त्यामागे काजूने भरलेले डोंगर दिसतात. त्या डोंगरांत आबांसारखी अनेक माणसे रात्रीची माळ्यावर बसून राखण करीत आहेत.

बंदुकांचा हिशेब सरकारने जरूर ठेवावा, अधिक काटेकोर ठेवावा. पण राखणीच्या बंदुकीचा रकाना वेगळा असावा. ती कोणत्या जातीची, कोणाच्या नावावर, शेवटचा बार केव्हा निघाला, शेत अजून कसले जाते की नाही, हे त्यात यावे. निवडणुकीच्या वेळी शस्त्रे जमा करावयाची झाली, तर छाननी समितीने आधी हा रकाना वाचावा आणि ज्याच्यावर कसलाही ठपका नाही अशा शेतकऱ्याला काजूच्या दिवसांत अर्जावाचून सूट द्यावी. उच्च न्यायालयाने सांगितलेल्या वेगळ्या विचाराचा यापरता साधा अर्थ मला दिसत नाही. आणि ज्याची बंदूक तरीही ठाण्यात ठेवावी लागेल, त्याच्या नासलेल्या पिकाची भरपाई त्याच हंगामात व्हावी.

आपल्यापैकी कोणी डिचोली-पेडण्याकडे गेले, तर सप्तकोटेश्वराचे आणि भगवतीचे दर्शन जरूर घ्यावे, पत्रादेवीला दोन फुले वाहावीत. आणि एखाद्या पडवीत भिंतीला जुनी बंदूक दिसलीच, तर घरधन्याला यंदा शेतात काय पेरले आहे, ते विचारावे.